भावपुस्तकाचे सल्लागार

दर वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिल्ब्रांड ओस्टिंग नाण्यांचं नवं भावपुस्तक विकत आणायचा आणि तिसऱ्या आठवड्यात ते किती टाकाऊ आहे हे मेपेल गावच्या नाणेमंडळात उभं राहून सांगायचा. मधल्या दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा नियम होता. घरात दोघंच असल्यामुळे तो फक्त त्याच्या बायकोला, रूलीला, लागू होता.

पुस्तक एक नाही, दोन यायची. एक वापरायला, एक कोरी ठेवायला. वापरायच्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा पडत, कोरी प्रत पुठ्ठ्याच्या वेष्टनासकट माळ्यावरच्या खोलीत जाई. रूलीने आईकडून आलेला भरतकामाचा टेबलक्लॉथसुद्धा इतका जपला नव्हता.

"टाकाऊ आहे तर दोन कशाला?" तिने पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"एक टाकाऊपणा शोधायला. आणि उद्या कुणी नाही म्हणालं तर एक पुराव्याला."

तो गंमत करतोय असं तिला वाटलं होतं. तेव्हा ती तरुण होती.

हिल्ब्रांडची नोकरी वजनमापं खात्यातली. सगळ्या ड्रेन्थ प्रांतातले खाटीक, चीजवाले आणि कोळसेवाले त्याला ओळखत, आणि ओळखत होते म्हणूनच त्याला नाताळला कुणी काही पाठवत नसे. खाटकाचा अंगठा तराजूच्या कुठल्या कोपऱ्यात टेकतो हे त्याला दुकानाच्या दारातूनच कळतं, असं म्हणायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत. भावपुस्तक उरलं.

आणि एक मानायला हवं, ते तो तपासायचा मात्र चोख.

"हा भाव कुणाचा?" मंडळाच्या बैठकीत तो पुस्तक उंच धरून विचारायचा. "दुकानदार ज्याला देतो तो, की घेतो तो? देतो तो! तुम्ही तेच नाणं घेऊन त्याच्या दारात जा. चौथा हिस्सा हातावर ठेवेल आणि कॉफीलाही विचारणार नाही. बरं, यंदा नवीन काय? मुखपृष्ठ. गेल्या वर्षी निळं होतं, यंदा हिरवं आहे. आतले भाव सरसकट एक-एक युरोने वर ढकललेत, म्हणजे आपल्याला वाटावं की कुणीतरी वर्षभर काम केलंय. फोटो असे, की नाणं आणि खोकल्याची गोळी यांत फरक कळू नये. मंडळी, पाच वर्षांतून एकदा घेतलंत तरी पुरे!"

मंडळी माना डोलवायची, थर्मासमधली कॉफी प्यायची, आणि भाषण संपलं की कोपऱ्यातल्या टेबलापाशी रांग लावायची. तिथे सभासदांना सवलतीत भावपुस्तक मिळे. टेबलामागे पैसे घ्यायला हिल्ब्रांडच बसलेला असे.

रूलीला या धंद्यातली एकच गोष्ट मनापासून आवडायची: नाण्याची प्रत सांगायची भाषा. ज्या नाण्यावरच्या राणीचं नाक झिजून गेलंय त्याला ही माणसं 'सुंदर' म्हणत. नाक थोडं दिसत असेल तर 'फार सुंदर'. नाक, कान, केस सगळं जागच्या जागी असेल तर 'देखणं'. म्हणजे सुंदर हे सगळ्यात वाईट. रूलीने लगेच ती भाषा घरात आणली. जळलेलं बटाट्याचं धिरडं सुंदर, हिल्ब्रांडचा पाच वर्षं जुना रेनकोट फार सुंदर. आणि अलीकडे तिचा डावा गुडघा: सुंदर, अतिशय सुंदर.

गुडघ्याचं कारण जिना. घर जुनं, जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. न्हाणीघर वर, झोपायची खोली वर. रूली उतरताना उलटी उतरायची, जहाजावरच्या खलाशासारखी, दोन्ही हातांनी कठडा धरून. दोनदा तिचा पाय सुटला होता. दुसऱ्यांदा ती खालच्या पायरीवर बसून राहिली होती आणि हिल्ब्रांड वरून ओरडला होता, "काही फुटलं का?"

"मी," ती म्हणाली होती.

कालव्याकाठी नव्या इमारतीत तळमजल्यावरची घरं होती. घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेच्या यादीत रूलीने कधीच नाव घातलं होतं. एक झोपायची खोली, एक बसायची, सगळं एका पातळीवर, खिडकीतून बोटी दिसणार. दोनदा पत्र आलं आणि दोनदा हिल्ब्रांडने नाही म्हटलं. कारण वरच्या दोन खोल्यांतलं सामान त्या घरात मावणार नव्हतं. एका खोलीत भावपुस्तकं आणि गिल्डरचं, म्हणजे युरोच्या आधीच्या नाण्यांचं, कपाट. दुसरीत डबे.

डबे टोस्टचे, उंच, पत्र्याचे. आत युद्धातली जस्ताची पाच सेंटची नाणी, चौकोनी, राखेच्या रंगाची. जर्मन फौजा इथे ठाण मांडून होत्या तेव्हा चांगला धातू सगळा त्यांना हवा होता, म्हणून लोकांच्या हातात जस्त आलं. हिल्ब्रांडने एका मेलेल्या वाण्याच्या सामानातून ती वजनावर घेतली होती. चौदा डबे.

"विकून टाक की," रूली म्हणायची.

"विकणारच आहे. भाव फार पडेल लावलाय पुस्तकात. नवीन पुस्तक आलं की बघू."

नवीन पुस्तक यायचं. त्यात एक युरो वाढलेला असायचा. मग पुढचं पुस्तक आलं की बघायचं ठरायचं.

त्या हिवाळ्यात फोन आला. रूलीला फक्त हिल्ब्रांडची बाजू ऐकू येत होती. आधी "हो, मीच तो ओस्टिंग" असं कडक आवाजात, मग "माझी तक्रारीची पत्रं वाचता तुम्ही?" असं नरम आवाजात; मग बराच वेळ नुसतं "हं"; आणि शेवटी "जबाबदारी मोठी आहे, पण कुणीतरी घ्यायलाच हवी."

फोन ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"भावपुस्तकाच्या संपादकांचा होता. मला सल्लागार म्हणून बोलावलंय. युद्धकाळातलं जस्त माझ्याकडे."

"वरचं जस्त?"

"पुस्तकातलं, रूली! पुस्तकातले भाव मी ठरवायचे."

"किती देणार?"

"आभाराच्या पानावर नाव." तो जरा थांबला. "आणि एक प्रत फुकट."

म्हणजे आता तीन, असा हिशेब रूलीने मनातल्या मनात केला आणि बटाटे सोलत राहिली.

मंडळाचा अध्यक्ष वुब्बो निवृत्त दाताचा डॉक्टर. कुणाशीही बोलताना समोरच्याच्या तोंडात डोकावायची त्याची सवय गेली नव्हती. बातमी कळल्यावर तो म्हणाला, "काय रे, तुझं तोंड बंद करायला त्यांनी एकच प्रत दिली? मी असतो तर तुझ्यासाठी दोन मोजल्या असत्या."

"व्यवस्था आतूनच सुधारावी लागते," हिल्ब्रांड म्हणाला.

"हो हो. आमच्या धंद्यातही कीड आतच असायची."

वसंतात हिल्ब्रांड भाव ठरवायला बसला. रूली कॉफी घेऊन वर चढत होती, एका हातात कप, बशीत एक बिस्किट, दुसरा हात कठड्यावर. शेवटच्या पायऱ्यांवर गुडघ्याने दगा दिला आणि ती तिथेच टेकून उभी राहिली. दार उघडं होतं. हिल्ब्रांडसमोर कागद, कागदावर रकाने, आणि तो पेन्सिल कानावर ठेवून छताकडे बघत होता.

"काय बघतोस?"

"बाजार."

"छताला लागलाय का?"

"थट्टा नको. देखण्या चौकोनी पाच सेंटला आतापर्यंत चार युरो लावत होते. लाज वाटायला हवी."

"मग आता?"

"अठरा."

"अठरा कुठून आले?"

"जस्त सडतं, रूली. दमट हवेत पांढरी बुरशी धरतं. इतक्या वर्षांनंतर या देशात देखणी राहिलेली किती नाणी उरली असतील, सांग?"

"पलीकडच्या खोलीत चौदा डबे आहेत."

"ते सोडून."

रूलीने कप टेबलावर ठेवला. कागद सरकू नये म्हणून त्याने डाव्या हाताचा अंगठा नेमका त्या रकान्यावर दाबून धरला होता.

"अंगठा काढ," ती म्हणाली.

त्याने अंगठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कान लाल झाले. "मी आयुष्यभर लोकांचे तराजू तपासले आहेत," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय."

पण अंगठा हलला नाही. ती उलटी उतरत खाली आली.

पुस्तक सप्टेंबरात आलं, यंदा लाल. हिल्ब्रांडने आधी आभाराचं पान उघडून दोनदा वाचलं. तिथे त्याचं नाव सतरा जणांच्या गर्दीत होतं, पण होतं. मग त्याने जस्ताचं पान उघडलं आणि खुर्चीतून अर्धा उठला.

"रूली! अठरा झाले!"

"झाले म्हणजे?"

"देखणं चौकोनी पाच सेंट! चारावरून अठरा! बघ, छापलंय!"

"तूच तर लिहिलेस ना?"

"मी सुचवले. त्यांनी छापले. फरक आहे."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो खोटं बोलत असता तर तिला परवडलं असतं. खोटं बोलणाऱ्याला कधीतरी पकडता येतं. हा माणूस खरोखर खूश होता, लॉटरी लागल्यासारखा. स्वतःच लिहिलेलं तिकीट आहे हे तो पार विसरला होता. इतकी वर्षं ज्या पुस्तकाच्या एका अक्षरावर त्याचा विश्वास नव्हता, त्यावर आता ठाम बसला होता, आणि नेमका त्याच पानावर.

"छान," ती म्हणाली. "मग आता विक."

"आता? चढत्या भावात कोण विकतं?"

रूली उठली, कपाटातून एक पाकीट आणलं आणि लाल पुस्तकावर ठेवलं. तिसरं पत्र. तळमजला, कालव्याची बाजू, ऑक्टोबर संपायच्या आत उत्तर हवं. या वेळीही नाही म्हटलं तर नाव यादीच्या तळाला जाणार होतं, आणि यादीच्या तळाशी गेलेली माणसं मेपेलमधून एकाच मार्गाने बाहेर पडत. तोही तळमजलाच, पण खिडकीशिवाय.

"या वेळी मी नाही म्हणणार नाही," ती म्हणाली.

त्याने पाकीट उघडून पत्र वाचलं. मग म्हणाला, "ठीक आहे. ऑक्टोबरच्या बैठकीत लिलाव असतो. एक डबा नेऊ. अठरा सोड, बारा जरी आले तरी सगळे विकतो आणि जाऊ तुझ्या तळमजल्यात."

"शब्द?"

"शब्द."

म्हणून त्या मंगळवारी रूलीही मंडळात गेली. जाताना मनुकांच्या पावाची लोणी लावलेली चकती घेतली, कारण रिकाम्या हाताने बसून लोकांना नाणी बघताना बघणं तिला जमायचं नाही. हिल्ब्रांडने डबा मांडीवर घेतला होता, बाळंतिणीने मूल घ्यावं तसा.

सभागृहाच्या दारातच तिला वास आला. टोस्टच्या जुन्या डब्यांचा. टेबलांवर डबेच डबे. तंबाखूचे डबे, लोणच्याच्या बरण्या, कुणाच्या सासूच्या शिवणाची पेटी, आणि सगळ्यांत तेच राखाडी चौकोन. मेपेलमध्ये प्रत्येकाच्या माळ्यावर जस्त होतं. आतापर्यंत कुणी ते खाली आणलं नव्हतं, इतकंच. आता छापून आलं होतं.

हिल्ब्रांड दारातच थबकला. "एवढी देखणी नसणार त्यांची," तो पुटपुटला.

वुब्बोने लाकडी हातोडा उचलला. पहिला डबा त्याचाच होता. "मंडळी, आपल्याच सभासदाच्या कृपेने पुस्तकात अठरा आहे. नगाला अठरापासून सुरू करू?"

थर्मासचा पंप कुणीतरी दाबला, तेवढाच आवाज.

"बारा? आठ? अरे, चार? चार तर गेल्या वर्षीही होते!"

मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "सगळ्या डब्याला एक युरो देतो. नाणी राहू देत, डबा चांगलाय."

हशा पिकला. हिल्ब्रांड उभा राहिला. "हे बरोबर नाही. छापील भाव अठरा आहे!"

"मग तू घे ना," वुब्बो त्याच्या तोंडात डोकावत म्हणाला. "भाव तू लावलास. भावाला तू उभा राहा."

सगळे वळून बघायला लागले. रूलीने पावाचा तुकडा तोंडापाशी नेलेला तसाच धरून ठेवला. हिल्ब्रांडचा हात हळूहळू वर जाताना तिने पाहिला. लोकांचे तराजू तपासणारा तोच हात.

"नऊ," तो म्हणाला. "देखणी असतील तेवढी, नगाला नऊ."

वुब्बोने हातोडा इतक्या घाईने आपटला की कपातली कॉफी सांडली. मग शिवणाची पेटी आली. मग लोणच्याची बरणी. प्रत्येक वेळी सभागृह गप्प, प्रत्येक वेळी तोच एक हात. ज्याने डबा एक युरोला मागितला होता तो म्हातारासुद्धा खिशातून कागदाची पुडी काढून पुढे आला. शेवटी हिल्ब्रांडने आणलेला स्वतःचा डबा लिलावात ठेवायचा राहूनच गेला. तो विकत घ्यायला तिथे दुसरा हिल्ब्रांड नव्हता.

परतताना गाडीच्या मागच्या सीटवर एकाऐवजी चार डबे खुळखुळत होते.

"भाव टिकला," हिल्ब्रांड म्हणाला.

रूली खिडकीबाहेर बघत होती. कालव्याकाठच्या इमारतीत तळमजल्यावर एका घरात अंधार होता. तिने ते ओळखलं; पत्रातलं रिकामं घर तेच.

सकाळी तिने पत्रावर सही केली, किती माणसं या रकान्यात 'दोन' लिहिलं आणि पेटीत टाकून आली. दुपारी पाव-चीज खाताना सांगितलं.

"एक डिसेंबरला मी जातेय. तुझ्यासाठी भिंतीत एक फळी आहे. मी मोजलीय, एक मीटर वीस. त्यात बसेल ते आण."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं देखणं आहे. कुणीही घेईल."

"रूली, शब्द होता बारा आले तर..."

"तू दिलेस नऊ. आता मी माझा भाव सांगितला."

आठवडाभर त्याला ती थट्टा वाटली. मग तिने भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली, तिचे ताट-वाडगे, तिची केकची भांडी, आणि त्याचा कप तेवढा बाहेर ठेवला. त्या संध्याकाळी त्याने नोकरीतली मोजपट्टी शोधून काढली आणि एकटाच कालव्याकडे जाऊन फळी मोजून आला. एक मीटर एकोणीस होती. त्याने ते तिला सांगितलं नाही. अर्थात तिला ते कळलंच, कारण तो दिवसभर सुखी होता.

नाण्यांच्या व्यापारी आनेट काप्पर्सबाई झ्वोलेहून आल्या. रूलीला जिन्यावरून जाताना बघून "बाई, तुम्ही खाली बसा, मी जाते वर" म्हणाल्या. त्या घरात असं म्हणणारं पहिलं माणूस. त्यांनी कपाट पाहिलं, गिल्डर पाहिले, भाव सांगितला. तो चौथ्या हिश्शाहून थोडा बरा होता. मग डब्यांच्या खोलीत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"ते जस्त आहे, ओस्टिंगसाहेब."

"पुस्तकात अठरा आहे!"

"पाहिलं मी. कुठल्या शहाण्याने लावलेत, देव त्याचं भलं करो. या महिन्यात अख्खं ड्रेन्थ माझ्या दारात जस्त घेऊन येतंय." त्या रूलीकडे वळल्या. "जत्रेत माझ्याकडे मुलांसाठी एक टब असतो. ओंजळीला एक युरो. त्यात टाकायला नेते हवं तर. पैसे नाही, पण वाहून मी नेईन."

रूलीने बाईंना कॉफी दिली, आणि बिस्किटांचा डबा बंद न करता दुसऱ्यांदा पुढे केला. त्या घरात असा मान आजवर पाद्रीबाबांनाही मिळाला नव्हता.

डबे गेले. कपाटही गेलं. एक डिसेंबरला हिल्ब्रांड खोकी घेऊन नव्या घरात आला तेव्हा रूलीला वाटलं, एखादा अल्बम तरी असेल, त्याच्या वडिलांचा चांदीचा गिल्डर तरी. त्याने फळीवर एकेक करून भावपुस्तकं लावली. कोऱ्या प्रती, वेष्टनासकट, निळी, हिरवी, लाल. एक मीटर एकोणीस बरोबर भरली.

"आणि नाणी?" तिने विचारलं.

"नाणी काय, नुसती पडून असतात," तो म्हणाला. "भाव बदलतात."

त्यानंतरच्या सप्टेंबरात पाकीट आलं, फुकटच्या प्रतीचं. विकतच्या दोन तो आदल्या दिवशीच घेऊन आला होता. मुखपृष्ठ पुन्हा निळं. रूली खिडकीपाशी बसली होती, पुलाखालून एक बोट चालली होती आणि बोटीवरची बाई भांडी धूत होती.

"रूली! एकोणीस!"

"कुणी लावले?"

"बाजाराने," हिल्ब्रांड म्हणाला. त्याच्या आवाजात एक कणही खोट नव्हती.

रूली उठली, स्वयंपाकघरात गेली, दोन कप कॉफी घेऊन आली. दोन्ही हातांत कप, कठडा कुठे नाहीच. हिल्ब्रांड फळीसमोर तिन्ही पुस्तकं घेऊन उभा होता आणि शेवटच्या दोन पुस्तकांच्या मध्ये बोट घालून जागा होते का बघत होता.

"इथे आणखी एक फळी लागेल," तो म्हणाला.

रूलीने त्याचा कप टेबलावर ठेवला, आपला घेऊन खिडकीपाशी बसली, आणि बोट पुलाखालून पलीकडे निघेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

"पुढचं पुस्तक आलं की बघू," ती म्हणाली.